विहिरीवरचे इंजिन : नांदगाव परिसरातील पाणीउपशाचा इतिहास

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील नांदगाव तालुका अवर्षणप्रवण असून काळ्या बसाल्ट खडकात खोदलेली विहीर हाच तेथील बागायतीचा जुना आधार आहे. गिरणा नदीवरील मोठे धरण १९६९ मध्ये याच तालुक्यात पूर्ण झाले, तरी त्याच्या कालव्यांचे पाणी मुख्यत्वे जळगाव जिल्ह्यातील शेतीला मिळते. त्यामुळे येथील सिंचनाचा इतिहास धरणापेक्षा विहिरीच्या काठावरच शोधावा लागतो.

त्या काठावर आधी मोट होती. बैलजोडी धावेच्या उतारावरून खाली गेली की कातड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई. तिची जागा इंजिनाने घेतली, ती दोन वाटांनी. हवा दाबून तापवून तिच्यात इंधन फवारणारे डिझेल इंजिन जड आणि टिकाऊ होते. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनीमुळे ते महाराष्ट्रभर रुजले. दुसरे, ठिणगीने इंधन पेटवणारे छोटे पेट्रोल इंजिन, उचलून नेण्याजोगे हलके असल्यामुळे अल्पभूधारकाला सोयीचे पडले. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या श्रीराम होंडा कंपनीनेही असे सुटसुटीत पंपसंच बाजारात आणले.

या छोट्या इंजिनांपैकी पुष्कळशी पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालत. रॉकेल स्वस्त असले तरी थंड इंजिनात त्याची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिन तापेपर्यंत पेट्रोल द्यावे लागे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावे लागे. तसे न केल्यास कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा व इंधन यांचे मिश्रण करणाऱ्या भागात, रॉकेल साचून राही आणि दुसऱ्या दिवशी दोरी कितीही ओढली तरी इंजिन दाद देत नसे. न जळालेले रॉकेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली झिरपून ऑईल पातळ करी व प्लगवर काजळी धरे. ऑईल वेळेवर बदलणे, प्लग घासून त्याच्या टोकांतील फट नीट राखणे आणि धुळीने भरलेला एअर फिल्टर झटकणे ही कामे म्हणूनच शेतकऱ्याच्या नित्यक्रमात शिरली.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र विहिरीच्या खोलीचा होता. पंप पाणी खेचतो तो वातावरणाच्या दाबाच्या बळावर, आणि त्याची मर्यादा तत्त्वतः सुमारे १० मीटर असली तरी व्यवहारात ती जेमतेम ७ मीटर भरते. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेले की इंजिनासह पंप विहिरीतल्या टप्प्यावर उतरवण्याचा मोह होई, आणि तो जीवघेणा ठरे. कारण धुरातील कार्बन मोनॉक्साईड या रंगहीन, गंधहीन वायूने बंदिस्त विहिरीत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. आजही हा धोका तसाच आहे.

पुढे वीज आली, पाणबुडी मोटारींनी खोलीचा प्रश्न सोडवला आणि छोटे पेट्रोल इंजिन मुख्यतः फवारणीच्या पंपावर उरले. सिंचनाच्या इतिहासात धरणांना आणि विद्युतीकरणाला जेवढी जागा मिळते, तिचा अल्पसा वाटाही इंजिन जिवंत ठेवणाऱ्या फिटरांना आणि शेतकऱ्यांना मिळालेला नाही. त्यांच्या पिढीतील माणसे हयात आहेत तोवर त्यांचे हे ज्ञान गावोगावच्या अभ्यासकांनी लिहून घ्यावे.