पन्नास वर्षं ताटकळलेली चकती

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीला, म्हणजे आपल्या फिएटला, चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे. ते काढून पुढे डिस्क बसवणाऱ्या हौशी मंडळींचा हिशेब सरळ असतो: ड्रम जुना, डिस्क नवी. प्रत्यक्षात दोघं एकाच पिढीची. लुई रेनॉनं ड्रम रुळवला 1902 च्या सुमारास, आणि बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं डिस्कचं पेटंट घेतलं तेही 1902 मध्येच.

लँचेस्टरची कल्पना चोख होती, माल तितका चोख नव्हता. चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरणारे त्याचे पॅड तांब्याचे. धातूवर धातू घासून कानठळ्या बसायच्या. त्यात रस्ते कच्चे. उघड्या चकतीवर धूळ बसायची आणि पॅड बघता बघता झिजायचे. ड्रमचं सगळं झाकलेलं. शिवाय फिरता ड्रम त्याला आतून दाबणाऱ्या पट्ट्यांपैकी, म्हणजे शूंपैकी, पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. ड्रम जिंकला यात नवल ते काय!

त्याचं दुखणं उघडं पडलं ते वेग वाढल्यावर. आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. चकती वाऱ्यावर असते, आणि फुगली तरी पॅडच्याच दिशेनं फुगते. विमानांच्या चाकांवर ती आधी सिद्ध झाली. तो अनुभव डनलॉपनं जॅग्वारच्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीवर आणला. जॅग्वारचा चाचणीचालक नॉर्मन ड्युइसच्या चाचण्यांत सुरुवातीला ब्रेक ऑइल उकळायचं. तरी त्याच गाडीवर 1952 मध्ये स्टर्लिंग मॉसनं रॅन्सची शर्यत मारली, आणि 1953 मध्ये टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी ल मांची. तिथल्या लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाला काटकोनी वळण आहे. ड्रमवाले ब्रेकवर पाय लवकर ठेवायचे, जॅग्वारवाले उशिरा. सरासरी वेग पडला ताशी सुमारे 170 किलोमीटर. त्या शर्यतीत ताशी 100 मैलांची सरासरी तोवर कुणी ओलांडली नव्हती. 1955 ची सित्रोएन डीएस आली आणि चकती सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात पोचली.

फिएटवाल्यांनो, एक ध्यानात ठेवा. ड्रमची ती ओढून घेण्याची खुबी डिस्कमध्ये नाही. जोर जास्त लागतो, म्हणून बहुधा बूस्टर लागतो. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये अनेकदा पाइपात थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड चकतीला घासत राहतात. तेव्हा पॅड धरणारे कॅलिपर विकत घेण्याआधी मास्टर सिलिंडर तपासून घ्या.