लाकडातलं लिग्निन

आज जरा लाकडाविषयी. सेल्युलोजच्या धाग्यांना घट्ट धरून लाकडाला ताठपणा देतं ते लिग्निन. १८३८ साली फ्रान्सच्या आन्सेल्म पायेनने नायट्रिक ॲसिड आणि अल्कली वापरून सेल्युलोज वेगळं काढलं. लिग्निन त्यात विरघळून गेलं. पुढे स्वीडनच्या पेटर क्लासनने उलटी वाट धरली. सेल्युलोजच तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवायचं आणि उरलेला चोथा तोलायचा! ७२ टक्के ॲसिडची ही पद्धत आजही वापरात आहे. लिग्निन किती ते कळतं, पण कसं ते नाही, कारण ॲसिडने त्याची घडणच बदलते.

म्हणून १९५४ मध्ये स्वीडनच्याच ब्यॉर्कमनने लाकूड अतिशय बारीक दळून डायॉक्झेन आणि पाण्याच्या मिश्रणात लिग्निन उतरवलं. पण इथेही मेख आहेच. कमी दळलं तर हाती थोडंच लागतं, जास्त दळलं तर रेणूतले बंध तुटतात. मग दळायचं किती वेळ? या हिशोबात किती संशोधकांची वर्षं गेली...

मला वाटतं, पद्धत सुधारणं म्हणजे नुसती जास्त माहिती मिळवणं नव्हे. हाती आलंय त्यात झाडाचं किती आणि आपल्या खटपटीचं किती, हे ओळखणंही त्यातच आलं. असो.