पावलांमागून येणारा प्रकाश

नाटक पाहून परतणारा प्रेक्षक नटांची नावे घेतो. दिवे सांभाळणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. कोलकात्यात या रिवाजाला ठळक अपवाद ठरले ते तापस सेन (१९२४–२००६). आसामात जन्मलेले, दिल्लीत वाढलेले सेन १९४७ साली या नगरीत आले; आम्हां मराठी मंडळींप्रमाणे तेही बाहेरूनच आलेले!

१९५४ साली ‘बहुरूपी’ने शंभू मित्र यांच्या दिग्दर्शनाखाली रवींद्रनाथांचे ‘रक्तकरबी’ सादर केले. त्याची प्रकाशयोजना सेन यांची होती. १९५९ साली मिनर्व्हा रंगमंदिरात उत्पल दत्त यांचे ‘अंगार’ आले. कोळशाच्या खाणीत पाणी शिरून मजूर बुडतात, हा त्यातील अखेरचा प्रसंग. रंगमंचावर चढणारे ते पाणी सेन यांनी प्रकाशातून उभे केले. त्याच वर्षी विश्वरूपा रंगमंदिरातील ‘सेतू’ नाटकात धावती आगगाडीही त्यांच्या दिव्यांनीच दाखविली.

अशा प्रसंगी नट थबकला तर प्रकाशानेही थबकावे लागते. हे भान त्या काळी माणसाच्या डोळ्यांत आणि हातांत असे.

पाश्चात्त्य देशांत पुढे हेच काम यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ साली मायरन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्लोफ्लो’ नावाचे दालन रचले. तेथे जमिनीवर पडणाऱ्या पावलांच्या दाबाने प्रकाश व ध्वनी बदलत. २००६ साली मेलबर्नच्या ‘चंकी मूव्ह’ संस्थेने ‘ग्लो’ हे नृत्य सादर केले. त्यात अवरक्त किरणांचा कॅमेरा नर्तिकेची आकृती टिपी, संगणक तत्क्षणी गणित करी आणि प्रकाश तिच्या अंगाभोवती हाले. योगायोग असा की, त्याच वर्षी सेन निवर्तले.

यंत्राला हालचाल अचूक कळते. तथापि नटाच्या थांबण्यामागे विस्मरण आहे की भावावेग, हे ओळखणे अद्यापि जाणत्या माणसाचेच काम होय. शिवाय संगणकातील योजना जपून ठेवता येते. हातांतील कसब मात्र माणसाबरोबर जाते.

म्हणूनच मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांस आमची विनंती आहे. आपल्या गणेशोत्सवातील नाटकांच्या छायाचित्रांत नट दिसतात, दिवेवाले दिसत नाहीत. ज्यांना त्यांची नावे आठवत असतील, त्यांनी ती कार्यालयात लिहून द्यावीत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एवढे ऋण आम्ही अवश्य फेडावे.