जुन्या पद्मिनीचे ब्रेक: हिशेब उष्णतेचा

फियाट ११००डीवरून घडलेल्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ही गाडी आज नियमित वापरायची तर पुढे डिस्क बसवावी, असा सल्ला मिळतो. सल्ला योग्य आहे; मात्र ‘गाडी कमी अंतरात थांबेल’ हे त्याचे कारण टिकत नाही.

थांबण्याचे अंतर शेवटी टायरची पकड ठरवते. घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ३६ मीटर लागतात. ड्रम सुस्थितीत असून चाक जाम करू शकत असेल, तर पहिल्या थांब्याला डिस्क याहून फारसे काही देणार नाही. शिवाय फिरता ड्रम एका शूला आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून पायाचा जोरही कमी लागतो.

खरा फरक घाटात कळतो. माणसे-सामानासह गाडी ११०० किलोची धरू. ताशी ८०वरून एकदा थांबताना सुमारे २७० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे ५०० मीटर खाली येताना ५४०० किलोज्यूल जिरवावे लागतात, म्हणजे तसे वीस थांबे लागोपाठ! खालच्या गिअरात इंजिन यातला मोठा वाटा उचलते. उरलेल्या उष्णतेने ड्रम फुगून शूपासून दूर सरकतो, लायनरची पकड घटते आणि पेडल खाली जाते. डिस्क तापली की पॅडच्या दिशेने जाड होते आणि उघडी असल्याने वाऱ्यावर लवकर निवते.

डिस्क आली की मात्र साखळीतली प्रत्येक कडी तपासावी लागते. डिस्कला आपोआप ओढून घेण्याचा फायदा नाही, म्हणून बूस्टर हवा. कॅलिपरला तेल जास्त लागते, म्हणून मास्टर सिलिंडर मोठा हवा. पण व्यास १९ मिलिमीटरवरून २२ केला, तर तेवढ्याच जोराला दाब पाऊण पटीवर येतो. ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरांत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो पुढच्या नळीत राहिला, तर पॅड सतत घासत राहतात.

माझ्या मते खर्चाचा पहिला मान डिस्कचा नाही. आधी रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल बदलावे. ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रतीचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल मुरल्यावरची किमान मर्यादा १४०. मग, गाडीत तेलाचा एकच परिपथ असेल तर दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा. एक नळी फुटल्याने चारही ब्रेक जाणे घाटात जिवावर बेतते.

बदल झाल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून, मोकळ्या सपाट जागी कमी वेगात ब्रेक दाबून पाहावा. पुढची चाके आधी जाम व्हायला हवीत. मागची आधी झाली तर गाडी आडवी फिरते. अशा वेळी मागचा दाब घटवणारा व्हॉल्व्ह बसेपर्यंत तिला रस्त्यावर काढू नये.