ग्रान पोझची बराक : मार्मोलाडा, १३ डिसेंबर १९१६

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर फ्रान्समधील चिखलाने भरलेले खंदक उभे राहतात. त्याच युद्धाची एक आघाडी मात्र आल्प्सच्या हिमशिखरांवर होती. मे १९१५मध्ये इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि डोलोमाइट पर्वतरांगेत दोन्ही सैन्ये समोरासमोर ठाकली. आजचा धागा तेथील एका सैनिकी तळाविषयी.

मार्मोलाडा (३,३४३ मीटर) हे डोलोमाइटमधील सर्वोच्च शिखर. त्याच्या उत्तरेकडील उतारावर हिमनदी आहे. १९१६च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियन सैन्याने त्या बाजूस ग्रान पोझ येथे लाकडी बराकी उभारल्या. पाठीशी खडकाचा आडोसा असल्याने इटालियन तोफगोळे तेथवर पोहोचत नसत. युद्धशास्त्राच्या दृष्टीने निवड अचूक होती. पण जो उतार तोफांपासून संरक्षण देत होता, त्याच्याच पायथ्याशी शेकडो माणसे झोपणार होती.

(याच हिमनदीच्या पोटात लिओ हांडल या अभियंत्याच्या योजनेनुसार बोगदे व निवासाच्या खोल्या खोदून एक ‘बर्फाचे शहर’च वसवले गेले होते. त्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.)

डिसेंबर उजाडला आणि अखंड हिमवृष्टी सुरू झाली. मग भूमध्य समुद्राकडून उबदार, दमट हवा आली. येथे थोडे विज्ञान पाहणे आवश्यक आहे. उतारावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा निराळा थर बसतो. जुन्या थराशी नव्या थराची पकड कच्ची असली, तर वरचे ओझे वाढताच मधला दुवा तुटतो आणि संपूर्ण पापुद्रा एकदम घसरतो. हवा उबदार झाली की बर्फ ओला व जड होतो आणि पकड आणखी सैल पडते. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी सर्वांत घातक. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही. तो थोडाथोडा गळून जातो.

हे ज्ञान त्या सैन्याला अपरिचित होते काय? मुळीच नाही. स्कीइंगचे आद्य गुरू मथियास झ्डार्स्की ऑस्ट्रियन सैन्यासाठीच काम करत होते. फेब्रुवारी १९१६मध्ये ते स्वतः हिमस्खलनात सापडले आणि असंख्य अस्थिभंग होऊनही वाचले. ग्रान पोझचा अधिकारी कप्तान रुडोल्फ श्मिड यालाही धोका स्पष्ट दिसत होता. तळ हलवण्याची अनुमती द्यावी, असे त्याने वरिष्ठांना लेखी कळवले. विनंती मान्य झाली नाही. वरिष्ठांच्या बाजूनेही विचार करता येतो : भर हिवाळ्यात तळ हलवायचा तर न्यायचा कोठे? उघड्यावर गेले की शत्रूच्या तोफा होत्याच. तरीही माझ्या मते दोष निसर्गाच्या माथी मारता येत नाही. इशारा वेळेवर, योग्य माणसाकडून आला होता.

त्यानंतरही हिमवृष्टी थांबली नाही. संपर्काच्या तारा तुटल्या, रसद अडली. १३ डिसेंबरच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास मार्मोलाडावरील बर्फ सुटला आणि गाढ झोपेतील बराकींवर कोसळला. सुमारे २७० सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांत ऑस्ट्रियन पर्वतसैनिकांसोबत साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेले बोस्नियन जवानही होते. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढले तरच जगण्याची खरी आशा असते. येथे अंधार होता आणि सोडवणारे हातही गाडले गेले होते.

त्या दिवसांत इटालियन ठाण्यांवरही हिमस्खलने कोसळली. शत्रूच्या माथ्यावरील बर्फ तोफा डागून मुद्दाम पाडला गेला, अशा कथा पुढे पुष्कळ रंगल्या. ग्रान पोझच्या घटनेस मात्र आठवडाभराची हिमवृष्टी आणि उबदार हवा पुरेशी होती. इंग्रजी लेखनात या दुर्घटनेला ‘व्हाइट फ्रायडे’ म्हणतात, पण पंचांग पाहिले तर तो दिवस बुधवार होता.

ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या मोजक्यांत कप्तान श्मिडही होता. त्याला किरकोळ जखमा झाल्या होत्या.