व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय : मुंबईच्या नगरसंग्रहालयाची जडणघडण

प्रस्तावना

मुंबईतील भायखळा येथे, राणीची बाग या नावाने परिचित असलेल्या उद्यानाच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभे आहे. २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुले झालेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय होय. आज ते शहराच्या इतिहासाचे संग्रहालय म्हणून ओळखले जाते. तथापि त्याची स्थापना शहराचा इतिहास सांगण्यासाठी झाली नव्हती. वसाहतकालीन आर्थिक गरजेतून जन्मलेली ही संस्था नगरसंग्रहालय कशी बनली, आणि हे परिवर्तन कितपत पूर्ण झाले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्क येथे भरलेल्या भव्य औद्योगिक प्रदर्शनाने युरोपचे लक्ष हिंदुस्थानातील कच्चा माल व हस्तव्यवसाय यांकडे वेधले. त्यानंतर १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून नमुने गोळा करण्यात आले. त्यांच्या प्रती मुंबईतच जतन कराव्यात, या विचारातून निसर्गेतिहास, अर्थव्यवहार, भूशास्त्र, उद्योग व कला या विषयांचे एक मध्यवर्ती संग्रहालय कोटातील लष्करी बराकींत सुरू झाले. डॉ. जॉर्ज बुइस्ट हे त्याचे पहिले अभिरक्षक होते. धान्य, कापूस, लाकूड, खनिजे, वस्त्रे, धातुकाम यांचे नमुने हा या संग्रहाचा गाभा होता. कोणत्या प्रदेशात काय पिकते, काय घडवले जाते आणि व्यापाराच्या दृष्टीने त्याचा उपयोग काय, ही माहिती एका छताखाली आणणे हा त्यामागील हेतू होता. या दृष्टीने पाहता हे संग्रहालय म्हणजे साम्राज्याच्या बाजारपेठेचे नमुनाघरच होते.

१८५७ च्या उठावाच्या काळात बराकींची लष्कराला गरज भासली. संग्रह घाईघाईने हलवावा लागला आणि त्यात अनेक वस्तूंची हानी झाली. ही घटना वरवर किरकोळ वाटली, तरी सूचक आहे. ज्ञानसंग्रह आणि सत्तेची सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा वसाहतसत्तेने काय निवडले हे त्यातून स्पष्ट होते.

लोकवर्गणी, मंदी आणि वास्तू

१८५८ मध्ये डॉ. जॉर्ज बर्डवुड अभिरक्षक झाले. त्याच वर्षी कंपनीची सत्ता संपुष्टात येऊन राज्यकारभार राणीच्या हाती गेला. या प्रसंगाचे स्मारक म्हणून संग्रहालय व उद्यान उभारण्याची कल्पना पुढे आली आणि त्यासाठी लोकवर्गणी जमवण्याचे ठरले. या कार्यात बर्डवुड यांच्यासोबत जगन्नाथ (नाना) शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी व डेव्हिड ससून हे अग्रभागी होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली.

तो काळ मुंबईच्या अभूतपूर्व भरभराटीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला, हिंदी कापसाचे भाव कडाडले आणि शहरात पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले. १८६५ मध्ये शेअर बाजार गडगडला, बँका व कंपन्या बुडाल्या आणि अनेक नामवंत घराणी धुळीला मिळाली. त्याचा फटका संग्रहालयालाही बसला. बांधकाम रखडले आणि पुढे सरकारने ते हाती घेतल्यावरच पूर्णत्वास गेले.

या विलंबाची मानवी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. डेव्हिड ससून १८६४ मध्ये आणि नाना शंकरशेट १८६५ मध्ये निवर्तले. ज्यांनी वर्गणी उभी केली, त्यांपैकी हे दोघे उद्घाटन पाहू शकले नाहीत. भाऊ दाजींनी ते पाहिले खरे, परंतु शेअर बाजाराच्या कोसळण्यात त्यांनाही मोठी आर्थिक झळ पोहोचली होती आणि १८७४ मध्ये त्यांचेही निधन झाले. वास्तूच्या दर्शनी भागावर युरोपीय अभिजात शैलीचा ठसा आहे. आत उंच लोखंडी स्तंभ, नक्षीदार कठडे आणि मिंटन फरशी आहे. मध्यभागी मॅथ्यू नोबल याने घडवलेला प्रिन्स अल्बर्टचा, ससून यांनी दिलेला पुतळा आहे. वर्गणी हिंदी नागरिकांची आणि नाव राजदांपत्याचे, अशी या वास्तूची मूळ घडण होती.

संग्रह आणि वर्गीकरणाची दृष्टी

१८८६ मध्ये संग्रहालयाचे व्यवस्थापन नगरपालिकेकडे आले. पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ मध्ये बसली व १९२२ मध्ये ते जनतेस खुले झाले. पुरातत्त्व, शिल्पकला व निसर्गेतिहास या क्षेत्रांतील मध्यवर्ती स्थान त्यामुळे त्या नव्या संस्थेकडे गेले. परिणामी भायखळ्याच्या संग्रहालयापुढे स्वतःच्या प्रयोजनाचा प्रश्न उभा राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेसिल बर्न्स व अर्न्स्ट फर्न या अभिरक्षकांच्या काळात येथील दालनांना जे वळण मिळाले, त्यात शहर व त्यातील लोकजीवन यांना महत्त्वाचे स्थान होते. जुने नकाशे, छायाचित्रे, प्रतिकृती आणि विविध समाजांच्या मातीच्या मूर्ती ही संग्रहालयाची ओळख ठरली.

मातीच्या या मूर्ती कारागिरीच्या दृष्टीने उत्कृष्ट आहेत. पगडीचा प्रकार, नेसण्याची पद्धत, दागिने, हातातील अवजारे यांतील बारकावा अभ्यासकाला आजही उपयोगी पडतो. परंतु त्यांची मांडणी जात, धर्म व व्यवसाय यांच्या चौकटीत झालेली आहे. जनगणना व जातिवर्णनपर ग्रंथांतून वसाहतसत्ता समाजाची जी विभागणी करीत होती, तिचेच हे दृश्य रूप होय. येथे माणूस व्यक्ती म्हणून नव्हे, तर नमुना म्हणून उभा राहतो. कापसाच्या नमुन्याशेजारी कापूस पिंजणाऱ्याचा नमुना, अशी ही तर्कसंगती आहे.

याउलट, मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाल्यानंतर भायखळा, परळ, लालबाग या परिसरात गिरणगाव आकाराला आले. कोकण व घाटावरून आलेल्या लाखो कामगारांनी हे शहर घडवले. संग्रहालय याच वस्तीच्या उंबरठ्यावर आहे. मात्र चाळ, खाणावळ, पाळी आणि संप यांनी बनलेला त्यांचा अनुभव जातिव्यवसायांच्या त्या चौकटीत बसणारा नव्हता. कारण गिरणीकामगार हा परंपरागत ‘प्रकार’ नव्हता. तो शहरानेच निर्माण केलेला नवा माणूस होता.

आवारातील विस्थापित वस्तू

संग्रहालयाचे आवारही इतिहासाचे साधन आहे. घारापुरी बेटावरील दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते जोडण्यात आले. १९६० च्या दशकात शहरातील राज्यकर्त्यांचे पुतळे हटवण्यात आले. काळा घोडा या नावाने परिचित असलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये याच परिसरात आला. एक वस्तू साम्राज्याकडे जाता जाता राहिलेली, तर दुसरी साम्राज्य गेल्यावर मागे उरलेली आहे. चौकातून हटवलेला पुतळा नष्ट न करता संग्रहालयाच्या आवारात ठेवणे, यात सन्मान काढून घेऊन पुरावा जपण्याची भूमिका दिसते.

नामांतर आणि जीर्णोद्धार

१९७५ मध्ये संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर, नामांकित वैद्य, कोरीव लेखांचे संशोधक, बॉम्बे असोसिएशनचे कार्यकर्ते आणि दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले हे गृहस्थ मूळचे गोव्यातील. त्यांचे नाव देण्याने इमारतीच्या उभारणीतील हिंदी नागरिकांचा वाटा उशिरा का होईना मान्य झाला.

तथापि नामांतरानंतरही वास्तूची दुरवस्था थांबली नाही. २००३ मध्ये महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान व इन्टॅक यांच्यात करार होऊन जीर्णोद्धारास चालना मिळाली. या कामास २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार लाभला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. त्यानंतर समकालीन कलावंतांना जुन्या संग्रहाशी संवाद साधण्यासाठी निमंत्रित करण्याचा उपक्रमही राबवला गेला. जुन्या मांडणीवर तिच्याच दालनात प्रश्न विचारण्याची ही वाट महत्त्वाची आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हे संग्रहालय नगरसंग्रहालय म्हणून स्थापन झाले नाही. मूळ प्रयोजन मागे पडल्यावर त्याने ते रूप घेतले. दुसरी, वसाहतकालीन वास्तू म्हणजे केवळ परकीयांची निर्मिती नव्हे. तिच्यात स्थानिकांची वर्गणी, महत्त्वाकांक्षा आणि नुकसानही गुंतलेले असते. तिसरी, इमारतीचे नाव बदलणे हा एक ठराव असतो, तर संग्रहाचे वर्गीकरण बदलणे हे दीर्घ अभ्यासाचे काम आहे.

राणीच्या बागेत मुलाबाळांसह येणारा सामान्य माणूस पिढ्यानपिढ्या या संग्रहालयातही डोकावत आला आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे आजे-पणजे याच परिसरातील गिरण्यांत राबले. काचेच्या कपाटातील मूर्तींमध्ये त्यांना ‘लोकांचे प्रकार’ दिसतात. आपल्या घराण्याचा शहराशी असलेला संबंधही त्यांना तेथे उमगेल, अशी मांडणी करणे ही नगरसंग्रहालयाची खरी कसोटी आहे. ते काम इतिहास, समाजशास्त्र व भाषा या विषयांच्या अध्यापकांच्या सहभागाविना पूर्ण होणार नाही.