गाडीचं मिसिंग : एका सिलिंडरचं का सगळ्यांचं?

ऊस कारखान्याला गेला, थोडी सवड आहे, म्हणून आज पिकाऐवजी गाडीचं लिहितो. दारात जुनी पेट्रोल गाडी असेल त्यांनी जरूर वाचा. मी यात पैसे घालवलेत.

१९९८ साली जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसी, चार सिलिंडर. गार इंजिनावर झकास चालायची, पाच-सहा किलोमीटर गेलं की झटके. गॅरेजवाला म्हणाला कार्बोरेटर. बदलला. मग म्हणाला पेट्रोल पंप. तोही बदलला. ज्वारीचे पैसे गेले, मिसिंग तसंच. एकदा आईला दवाखान्यात नेताना माळावर बंद पडली, तेव्हा डोळ्यात पाणी आलं.

शेवटी तालुक्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं इंजिन चालू ठेवून कोरडं फडकं धरलं आणि एकेका प्लगची वायर काढून परत लावली. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज बदलत नाही, तो मेलेला. माझ्या गाडीत चारही वेळा आवाज पडला. म्हणजे चारही जिवंत, खोट सगळ्यांच्या सामाईक जागी. म्हणाला, "एक झाड वाळलं तर मूळ बघतो, सगळा वाफा वाळला तर पाणी बघतो ना?" डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. पॉइंट जळून निळे पडलेले. कंडेन्सर तापला की दगा द्यायचा. चहापाण्याच्या पैशात दोन्ही नवे बसले.

ही पॉइंट-कॉइलची पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगनं बसवली. १८७६ साली ओहायोत शेतकऱ्याच्याच घरात जन्मलेला माणूस. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीतला सेल्फ स्टार्टरही त्याचाच. पॉइंट उघडला की कॉइलमधला करंट तुटतो आणि बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगवर ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरला पॉइंट ६००० वेळा उघडतो. उघडताना तिथंच ठिणगी पडून पॉइंट जळू नये म्हणून कंडेन्सर. एवढ्याशा डबीवर सगळी गाडी.

पुढं पॉइंट गेले, कॉम्प्युटर आला. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. क्रँकचा वेग कुठल्या ठोक्याला मंदावला हे मोजून तो मिसिंग पकडतो. कोड पी०३०२ आला तर दुसरा सिलिंडर. पी०३०० आला तर एकाच सिलिंडरचं नाही, जास्त ठिकाणी. बघा, मिस्त्रीचाच प्रश्न, एक का सगळे? पण कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. ते प्लग, वायर, पेट्रोल, कॉम्प्रेशन तपासूनच कळतं.

म्हणून एकच सिलिंडर मेला असेल तर त्याचा प्लग, वायर, व्हॉल्व्ह बघा. प्लग काजळीनं काळा तर पेट्रोल जास्त, तेलकट तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. सगळेच चुकत असतील तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पेट्रोल. नव्या गाडीची वायर मात्र चालू इंजिनावर ओढू नका, शॉक जबर बसतो आणि कॉइलही जळते.

आधी एक का सगळे ते ठरवा, मगच पार्टला पैसे काढा. कुणाच्या दारात अजून पद्मिनी आहे का? सांगा.